तेही मूल वयात येते

रोवणीचे दिवस होते. आमच्या कोंढ्याच्या शिवारात सगळी बायामाणसे चिखलात उतरलेली आणि वर्गात निम्मी बाके रिकामी. सातवीला मराठीचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावरची मुलगी पाणी प्यायला उठली आणि मागची मुले हसू लागली. तिच्या पांढऱ्या सलवारीवर लाल डाग पडला होता. सगळे हसतात म्हणून तीही हसली. आपल्याला काय झाले आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. वय तेरा वर्षे आणि समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. पण चित्र सुंदर रंगवते, स्वतःचे नाव लिहिते आणि कोणाच्या डब्यात काय आले आहे ते अचूक सांगते.

निरोप मिळताच तिची अम्मी बांधीतून तशीच आली, पायाला चिखल लागलेला. तिने आपली ओढणी लेकीच्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, "आपा, आता ही मोठी झाली. उद्यापासून घरीच ठेवते." आम्ही मान हलवली. इतक्या वर्षांची शिक्षकी आणि बीएडची पदवी गाठीशी असून त्या वेळी आमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ही आमची चूक होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

धान कापणीला आले तेव्हा ती माऊली संध्याकाळी आमच्या घरी आली. नणंदेने तिला सुचवले होते की मुलीची पिशवीच काढून टाक, म्हणजे दर महिन्याची कटकट संपेल आणि उद्या काही वाईट घडले तरी बदनामी नको. तिने विचारले, "आपा, पिशवी काढली तर गुन्हा लागतो का? आणि अल्लाहकडे गुनाह होतो का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आठ दिवसांची मुदत मागितली, डॉक्टरांना विचारले, कायदा वाचला, विशेष शिक्षकांशी बोललो. त्यातून जे हाती आले ते याच महिन्यात आपल्या सगळ्या वाचक भगिनींपुढे ठेवतो, कारण अशी माऊली एकट्या कोंढ्यातच आहे असे नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतली कितीतरी तेव्हा वयात येणारी लेकरे होती.

शिरूरच्या मुली

पिशवी काढण्याचा हा सल्ला नवा नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतून मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि दहाहून अधिक मुलींची गर्भपिशवी काढण्यात आली. त्यांना कुठलाही आजार नव्हता. या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, एवढेच कारण दिले गेले. बातमी फुटली, महिला संघटना आणि दिव्यांगांसाठी काम करणारे लोक रस्त्यावर आले, आणि पुढच्या शस्त्रक्रिया शासनाला थांबवाव्या लागल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले.

त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न आजही आपल्या घरांना लागू आहे. पाळी सांभाळता येत नाही हा दोष मुलीचा, की तिला कोणी शिकवले नाही हा दोष आपला? जिला नावाची अक्षरे गिरवायला दोन वर्षे दिली, तिला पॅड बदलायला शिकवण्यासाठी दोन महिने तरी कोणी दिले होते का?

डॉक्टरांनी आम्हाला सोप्या शब्दांत समजावले. गर्भपिशवी काढली तर रक्त जाणे थांबते, पण अंडाशय राहतात. म्हणजे अंगाची वाढ, मनाची चिडचिड, ओढ, लाज, सगळे राहतेच. वर पोटाची मोठी शस्त्रक्रिया आणि तिचे धोके. पाळीत फार रक्त जाते, असह्य दुखते किंवा त्या दिवसांत आकडी वाढते, अशी खरी अडचण असेल तर त्यावर औषधे आहेत आणि ती तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायची असतात.

आणि बदनामीचे काय? येथे थोडे कठोर बोलावे लागेल. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त दिवस राहत नाहीत. म्हणजे बोलता न येणाऱ्या मुलीच्या बाबतीत जो पुरावा कधी कधी गुन्हा उघड करतो, तोच नाहीसा होतो. ज्याची नजर वाईट आहे त्याला तर हे सोयीचेच झाले. घराने वाचवली ती आपली इज्जत, मुलगी नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम १० सांगते की दिव्यांग व्यक्तीला प्रजनन आणि कुटुंब नियोजनाची योग्य माहिती मिळाली पाहिजे, आणि तिने समजून, मोकळेपणी संमती दिल्याशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया तिच्यावर करता येणार नाही. त्याआधी २००९ मध्ये चंदीगडच्या एका शासकीय संस्थेतील सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिच्यावर अत्याचार झाला होता आणि तिला दिवस गेले होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मानले आणि प्रौढ स्त्रीच्या संमतीशिवाय असे करता येणार नाही असे ठरवले. बुद्धी थोडी मागे असली तरी माणूस स्वतःच्या शरीराचा मालक राहतो, असा याचा अर्थ.

घरातला जुना अभ्यासक्रम

लैंगिक शिक्षण म्हटले की आपल्याकडे कान टवकारतात. २००७ मध्ये याच शब्दावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रातल्या शाळांतला तो कार्यक्रम थांबला होता. आमचे म्हणणे एवढेच की नावावर अडू नये. आपल्या घरांत हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या आहे, आपण त्याला तहारत, हया आणि अदब म्हणतो.

जरा आठवून पाहा. लहानपणी इस्तिंजा कसा करावा हे आपल्याला कोणीतरी शिकवले. सूरह नूरमध्ये वयात न आलेल्या मुलांनाही दिवसातल्या तीन वेळी, फज्रआधी, दुपारी कपडे सैल करून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर, परवानगी घेऊन आत यायला सांगितले आहे. दहा वर्षांची झाली की मुलांची अंथरुणे वेगळी करावीत, ही हदीसची शिकवण आहे. मुलगी वयात आली की नानी किंवा खाला तिला बाजूला घेऊन पाळी, गुस्ल, नमाज-रोजाचे नियम सांगते. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी तर प्रेषित मुहम्मद (स.) यांना स्त्रियांच्या गुस्लबद्दल थेट प्रश्न विचारला आणि त्यांना थेट उत्तर मिळाले. अन्सारच्या स्त्रिया दीन शिकताना लाजत नाहीत, याचे हजरत आयशा (रजि.) यांनी कौतुक केले आहे.

मग हा सगळा अभ्यासक्रम घरातल्या एकाच लेकराला का शिकवला जात नाही? कारण ते आपल्याला कायमचे बाळ वाटते. बारा वर्षांच्या मुलाला अंगणात उघडे करून आंघोळ घालतो, चौदा वर्षांच्या मुलीचे कपडे चारचौघांत बदलतो आणि म्हणतो, त्याला काय कळते! बुद्धी हळू चालली तरी शरीर आपल्या वेळेवरच चालते. मुलींच्या अंगात बदल साधारण आठ ते तेरा आणि मुलांच्या नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. दिव्यांग मुलेही बहुधा याच वयात येतात. मेंदू किंवा मणक्याच्या काही आजारांत तर हे बदल लवकरही येतात.

ज्याला समजच नाही त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज नाही, हे आपल्याला माहीत आहे. कोणाला किती सवलत आहे ते आपल्या आलिमांना विचारावे. पण ती सवलत त्या लेकराला आहे, आपल्याला नाही. त्याची तरबियत आपल्यावर आहेच.

शिकवायचे कसे?

विशेष शिक्षकांकडून आम्ही शिकलो ती पहिली गोष्ट म्हणजे काम लहान तुकड्यांत मोडायचे. पॅड बदलणे हे आपल्याला एक काम वाटते, पण त्यात दहा कामे आहेत. न्हाणीत जायचे, दार लावायचे, सलवार खाली करायची, वापरलेले पॅड काढायचे, कागदात गुंडाळायचे, डब्यात टाकायचे, नवे पॅड चड्डीला चिकटवायचे, कपडे वर करायचे, साबणाने हात धुवायचे, दार उघडायचे. प्रत्येक पायरीचे साधे चित्र काढून न्हाणीच्या भिंतीवर लावा. आधी बाहुलीवर करून दाखवा. पॅडवर लाल रंगाचे पाणी टाकून दाखवले की रक्त पाहून भीती वाटत नाही. पाळी येण्याआधीच एक-दोन दिवस कोरडे पॅड लावून फिरू द्या, म्हणजे सवय होते. दर वेळी तीच चित्रे, तेच शब्द, तोच क्रम ठेवा. एक पायरी जमली तरी शाबासकी द्या. भिंतीच्या कॅलेंडरवर लाल खूण करायला तिलाच सांगा.

दुसरी गोष्ट अवयवांच्या नावांची. नाक, कान, पोट शिकवतो तशी गुप्त अवयवांचीही एकेक नावे घरात ठरवा आणि सगळ्यांनी तीच वापरा. "तिथे" आणि "शीशी" एवढेच शब्द ज्या मुलीला येतात, तिला उद्या काही झाले तर ती काय सांगणार?

तिसरी गोष्ट वर्तुळांची. जमिनीवर खडूने एकात एक वर्तुळे काढा. मधल्या वर्तुळात मूल स्वतः. पुढच्यात अम्मी-अब्बू, ज्यांना मिठी मारायची. मग नानी, फुफी, चाचा, ज्यांच्या हातात हात द्यायचा. मग शेजारी, शिक्षक, दुकानदार, ज्यांना लांबून सलाम करायचा. शेवटी अनोळखी, ज्यांच्याबरोबर कुठे जायचे नाही. घरातल्या लोकांचे फोटो असतील तर ते वर्तुळात ठेवायला लावा. खेळ म्हणून मुले हे आनंदाने करतात. आणि हेही सांगा की वर्तुळ कोणतेही असो, मला आवडले नाही तर मी नको म्हणू शकते.

मुलांबद्दल घरात आणखी कमी बोलले जाते. रात्री कपडे ओले झाले की मूल घाबरते, आजार समजते, कपडे लपवते. अब्बूंनी किंवा मोठ्या भावाने आधीच सांगावे की हे वयाचे आहे, कोणी रागावणार नाही, गुस्ल असा करायचा. मूल लोकांसमोर अंगाशी खेळत असेल तर मारू नका. आधी खाज, पुरळ, घट्ट कपडे यांपैकी काही आहे का ते पाहा. मग शांतपणे हात बाजूला घ्या, दुसरे काम द्या आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगा की सगळ्यांसमोर हे करायचे नाही. मार खाल्लेले मूल फक्त लपायला शिकते. आंघोळीला आधार लागणाऱ्या मुलाची आंघोळ आता अब्बूंनी घालावी. आईलाच घालावी लागत असेल तर त्याच्या कमरेला लुंगी राहू द्यावी आणि हाताला पोहोचते ते त्याचे त्यालाच धुऊ द्यावे.

सगळ्या दिव्यांग मुलांची गरज एकसारखी नसते. अंध मुलीला चित्र दिसत नाही, तिला पॅड आणि बाहुली हातात द्यावी लागते, आणि आता पाळीचा डाग पडला आहे का हे कोणाला विश्वासाने विचारायचे, ते ठरवून द्यावे लागते. कर्णबधिर मुलाशी घरात खाणे-पिणे-झोपणे एवढ्याच खुणा चालतात, शरीराच्या आणि भीतीच्या खुणाच नसतात. त्या सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकाकडून घरच्यांनीही शिकाव्यात. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाची बुद्धी तल्लख असते, पण त्याला दिवसातून दहा जण उचलतात आणि कोणी विचारत नाही. ज्याच्या अंगाला न विचारता सगळे हात लावतात, त्याला नको असलेला हात ओळखता कसा येईल? म्हणून उचलण्याआधी विचारा, "उचलू का?" आणि उत्तरासाठी थांबा.

नको म्हणण्याची मुभा

आम्ही शिक्षक अशा मुलांना एकच गुण शिकवतो, ऐकण्याचा. बस म्हटले की बस, ये म्हटले की ये. ऐकणारे मूल सगळ्यांना आवडते, आणि वाईट माणसालाही तेच हवे असते. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. त्या मुली ज्यांच्या भरवशावर होत्या, त्यांच्यावरच आरोप झाले. धोका बहुतेक वेळा अंधाऱ्या गल्लीतून येत नाही. तो ओळखीच्या, घरात ये-जा असलेल्या माणसाकडून येतो.

मूल एखाद्या माणसाला पाहून अचानक घाबरू लागले, झोपेत दचकू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तिथे दुखते म्हणू लागले किंवा त्याच्याकडे कोणी दिलेले पैसे-खाऊ दिसू लागले, तर रागावू नका, शांतपणे विचारा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलाच्या दिव्यांगत्वाचा फायदा घेऊन अत्याचार केला तर तो या कायद्यात अधिक गंभीर गुन्हा ठरतो. असा अत्याचार माहीत असून कळवला नाही तर तोही गुन्हा आहे. मुलाला बोलता येत नसेल तर जबाबाच्या वेळी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत मिळते. २०१३ च्या कायदादुरुस्तीपासून दिव्यांग स्त्रीची अशी तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी येऊन नोंदवायची असते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असू द्या.

आणखी एक उपाय मोहल्ल्यात हमखास सुचवला जातो, "निकाह लावून द्या, सुधारेल." निकाह हे औषध नव्हे. इजाब-कबूल म्हणजे दोघांनी समजून दिलेली मान्यता. जिला ते काय आहे हेच कळत नाही, तिला दुसऱ्याच्या घरी पाठवणे म्हणजे आपले ओझे उतरवणे. पण याची दुसरी बाजूही आहे. अंध, कर्णबधिर, पोलिओ झालेली कितीतरी माणसे सुखाने संसार करतात. त्यांना स्थळ पाहताना "हिला कोण करणार?" हे वाक्य त्यांच्यासमोर बोलणे तरी आपण सोडावे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षावरून सूरह अबसाच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या आणि मदीनेत अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांना कोणी बाळ समजले नाही.

मदत कुठे मिळते?

पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुलगी शाळेत येऊ शकत नसेल तर ते घरीही येतात. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आपल्या गावात येते, तेव्हा लाजू नका, विचारा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ल्याची सोय असते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचे ओळखपत्र काढून ठेवा. आणि ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. पाळी आली म्हणून तो संपत नाही. हे वाक्य आम्हाला त्या दिवशी वर्गात बोलायचे होते.

आठ दिवसांनी आम्ही त्या माऊलीच्या घरी गेलो. म्हटले, "ताई, गुन्हाही आहे. आणि जे शरीर अल्लाहने निरोगी दिले, ते आपल्या सोयीसाठी कापायचे का, हे तुम्हीच मनाला विचारा." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मला तरी कोणी शिकवले होते, आपा? माझ्या वेळी अम्मीने एक फडका हातात दिला आणि तोंड फिरवले." त्या संध्याकाळी आम्हा दोघींना शिकावे लागले. लेकीच्या जुन्या बाहुलीला चड्डी शिवली, दहा चित्रे काढली. चित्रे रंगवली तिनेच.

सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. तिसऱ्या महिन्यातही ती वापरलेले पॅड अंगणात आणून सगळ्यांना दाखवत होती आणि दादी कपाळाला हात लावत होती. कागदात गुंडाळण्याची पायरी जमायला सर्वांत जास्त दिवस लागले. पण पिशवीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. ती आता शाळेत येते, दप्तरात एक जादा सलवार असते, आणि वर्गातल्या दोन मुलींना आम्ही सांगून ठेवले आहे की हसायचे नाही, हळूच येऊन कळवायचे. त्या वर्गातल्या मुलांशीही आम्ही एक तास याच विषयावर बोललो. तो तास खरे तर जूनमध्येच घ्यायला हवा होता.

आपल्या घरात, नात्यात, शेजारी असे लेकरू असेल तर या महिन्यात एकच करा. त्याचे खरे वय मोजा आणि त्या वयाच्या दुसऱ्या मुलाला आपण काय काय शिकवले ते आठवा. जे राहून गेले आहे, त्यातली पहिली पायरी उद्या शिकवायला घ्या.